तुझं ‘बुस’ तुझ्यापाशीच राहू दे

प्रिय बाळा,

रविवारी फोन ठेवल्यापासून तेच डोक्यात घोळतंय म्हणून लिहायला बसले. बोलता बोलता तू सहज सांगितलंस की मी आता उत्तर इंग्लंडातल्या आपल्या शेफील्डच्या लोकांसारखं ‘बुस’ म्हणत नाही, ‘बस’ म्हणते, सेमिनारमध्ये एकाने मला तेच वाक्य तीनदा म्हणायला लावलं आणि सगळे हसले, मग मी तासभर गप्पच बसले. बाबा म्हणाले होतं गं असं नवीन ठिकाणी. मला मात्र झोप आली नाही, कारण त्यानंतर तू म्हणालीस, "मी आता नीट बोलायला शिकतेय," आणि अगदी हेच वाक्य पंचवीस वर्षांपूर्वी मी माझ्या आईला म्हणाले होते.

हे तुला कधी सांगितलं नाही. कोल्हापूरहून पुण्याला नर्सिंगला गेले तेव्हा होस्टेलवर पहिल्याच संध्याकाळी म्हणाले, "मी जेवून येतो." खोलीतल्या सगळ्या मुली वळून बघायला लागल्या. आमच्याकडे बायका अशाच बोलतात, मी येतो, मी करतो, मी आलो, आई तशी, आजी तशी, गल्लीतल्या सगळ्या तशाच, त्यात काही वेगळं आहे हे मला तोवर माहीतच नव्हतं. एकीने विचारलं तू मुलगा आहेस का, आणि ते पुढं वर्षभर चाललं. मग मी येते जाते करते घोकलं, लई गेलं, व्हय गेलं, "काय करायलीस" गेलं. दिवाळीत घरी गेले आणि उंबऱ्यात आजीला म्हणाले, "आजी, मी आले." ती माझ्या डोक्यावरून हात फिरवत होती, तो हात मधेच थांबला. म्हणाली, "कुणाच्या घरची पोरगी आलीया ही?" रागानं नव्हती म्हणाली. पण तो थांबलेला हात मला अजून जाणवतो.

म्हणून इथून पुढं मी तुला आपल्या भाषेतच लिहितो.

2013 ला आपण शेफील्डला आलो तेव्हा तू आठ वर्षांची होतीस. मी आयेल्ट्सला, त्या इंग्रजीच्या परीक्षेला, चांगले बँड मिळवून आलो होतो, वाटलं होतं इंग्रजीची काही काळजी नाही. पहिल्याच आठवड्यात वॉर्डमध्ये बाजूच्या खोलीत एक आजोबा होते, आयुष्यभर भट्टीवर काम केलेले, आता जिथं मेडोहॉल मॉल उभा आहे तिथल्या कारखान्यात. तो मॉल 1990 ला झाला, त्याआधी तिथं स्टीलच होतं. ते मला म्हणाले, "पुट वुड इन्ट ऑइल, लुव." मी ऐकलं लाकूड आणि तेल. मी खोलीभर बघितलं, कुठं लाकूड नाही, कुठं तेल नाही, म्हटलं ह्यांना ताप डोक्यात गेला काय, आणि टेम्परेचर घ्यायला लागलो. त्यांनी नुसतं दाराकडं बोट केलं. दार लाव, एवढंच म्हणायचं होतं. ‘होल’ला ही माणसं ‘ऑइल’ म्हणतात, भोकात लाकूड घाल म्हणजे दार ओढून घे. रात्री गोळी द्यायला गेलो तर म्हणाले, "नॉट वाइल आय हॅड मी टी." मला वाटलं चहा पिताना गोळी नको म्हणतायत. त्यांच्या बोलीत टी म्हणजे संध्याकाळचं जेवण आणि वाइल म्हणजे ‘तोपर्यंत’, म्हणजे जेवण होईपर्यंत गोळी नको. बाळा, नर्सला हे कळायलाच पाहिजे, यात हसण्यासारखं काही नाही. ज्या माणसाला दुखतंय तो परीक्षेतलं इंग्रजी बोलत नाही, तो आईच्या भाषेत बोलतो.

त्या दिवसापासून मी खिशात एक छोटी वही ठेवायला लागलो. बॅडली म्हणजे आजारी. मला ‘आउट’ ऐकू यायचं ते खरं ‘ओउट’, म्हणजे काहीही, आणि ‘नोउट’ म्हणजे काहीच नाही. जेनल म्हणजे दोन घरांमधला बोळ, आणि तो शब्द कळल्यावर मला इतकं बरं वाटलं, कारण आपल्या शिवाजी पेठेतल्या बोळांना शोभणारा शब्द मला तोवर इंग्रजीत मिळालाच नव्हता. ब्रेडकेक म्हणजे केक नव्हे, आपला पाव. मार्डी म्हणजे तोंड फुगवून बसलेली. आणि "नाह देन", जे इथं भेटल्या भेटल्या म्हणतात, ते तर सरळसरळ आपलं "काय मग!"

तुला मात्र वही लागली नाही. तू तीन महिन्यांत शाळेच्या ग्राउंडवर सगळं उचललंस. आठवतं का, मैत्रिणीच्या आजीकडून आलीस आणि म्हणालीस, त्या आजीने मला स्पाइस दिला, आणि मी घाबरून तुझं तोंड उघडून जीभ बघितली, की तिखट खाल्लं की काय पोरीनं? तू खिशातून गोळ्या काढल्यास, लिमलेटसारख्या. जुनी माणसं इथं गोळ्या-चॉकलेटला स्पाइस म्हणतात हे मला तू शिकवलंस, आठ वर्षांच्या पोरीनं.

आणि मुख्य गोष्ट तर पुढंच आहे. ते भट्टीवाले आजोबा तीनेक आठवडे होते. सुरुवातीला ते मला ‘यू’ म्हणायचे. एक दिवस मी त्यांची उशी नीट करत होतो तर म्हणाले, "दार्ट अ गुड लास." मला वाटलं माझं काहीतरी चुकलं. आमच्या सिस्टर, इथल्याच, मला बाजूला घेऊन म्हणाल्या, तुला कळलं का, त्यांनी तुला चांगली पोरगी म्हटलं, आणि तेही ‘दा’ म्हणून. जुन्या इंग्रजीतलं दाऊ आणि दी, पुस्तकातनं कधीच गेलेलं, ते इथल्या म्हाताऱ्यांच्या तोंडात अजून आहे. आपलं तू आणि तुम्ही आहे ना, तसंच. डॉक्टरला यू, बायकोला, दोस्ताला, पोराला दा. आणि नको त्यानं म्हटलं तर ठणकावतातसुद्धा, "डोन्ट दी दा मी," म्हणजे मला अरे-तुरे करू नकोस! याच दी-दावरनं शेजारच्या बार्न्सलीची माणसं शेफील्डवाल्यांना ‘डी-डार’ म्हणून चिडवतात. माझ्या देशापासून इतक्या लांब एका म्हाताऱ्यानं मला अहोवरून अगंवर आणलं. त्या रात्री बसमध्ये मी रडलो, आनंदानं.

आता तुझ्या ‘बुस’चं ऐक. नाइट शिफ्टच्या ब्रेकमध्ये मी हे वाचत बसायचो म्हणून सांगतो. एके काळी सगळ्या इंग्लंडात कट आणि पुट यांचा स्वर एकच होता, कप, लव्ह सगळं तुझ्यासारखंच. सतराव्या शतकात लंडनकडं तो स्वर बदलला आणि तो बदल उत्तरेत पोचलाच नाही. बाथ आणि ग्रासमधला लांबलचक आ तर त्याच्याही नंतरचा. म्हणजे तुमच्याकडनं काही मोडलेलं नाही, बदललेत ते. ‘नेश’ म्हणजे थंडी न सोसणारी, हा शब्द हजार वर्षांहून जुना आहे. तुला हसणाऱ्या पोराला हे माहीत नाही, त्याला कुणी सांगितलंच नाही. मला त्याचा राग येत नाही, पण तू त्याच्यासाठी गप्प बसावंस याचं लई वाईट वाटतं.

1941 मध्ये, लढाई चालू असताना, आपल्या यॉर्कशायरच्याच हॅलिफॅक्सच्या विल्फ्रेड पिकल्सनी बीबीसीवर बातम्या वाचल्या, आपल्या आवाजात, आणि शेवटी ‘गुड नाइट’च्या जागी ‘गुड नीट’ म्हटलं. तोवर तिथं एकाच तऱ्हेचं इंग्रजी चालायचं. आणि ज्या हॅरी ब्रिअर्लीनं 1913 मध्ये शेफील्डात स्टेनलेस स्टील केलं, तो भट्टीवरच्या कामगाराचा पोरगा, बाराव्या वर्षी शाळा सोडून कामाला लागलेला. बंदुकीच्या नळ्या झिजू नयेत म्हणून तो पोलाद शोधत होता. तुझ्या आजीच्या मांडणीवरची एकूण एक वाटी, तांब्या, डबा बघ, सगळ्याची सुरुवात या गावातली. असल्या गावाची बोली घेऊन तू वर्गात बसलीयस.

मी असं म्हणत नाही की बदलूच नकोस. प्रेझेंटेशनला, इंटरव्ह्यूला समोरच्याला कळेल असं सावकाश बोल, मीही पेशंटच्या नातेवाइकांशी तसंच बोलतो. दोन्ही ठेव. मी एक टाकून दिली होती, आणि आजी गेली तेव्हा शेवटच्या फोनवर मला तिच्याशी तिच्यासारखं बोलता येईना, जीभच वळेना. येते, करते, होते, असंच बाहेर पडत राहिलं. ती पलीकडनं फक्त "व्हय, व्हय" म्हणत होती. त्यानंतर मी ठरवून पुन्हा येतो-जातो म्हणायला लागलो, घरात, एकटीच. तू लहान होतीस, तुला वाटायचं आई चुकून बोलते.

रविवारी तू बाबांशी बोललीस ना, त्यात एकदाही इथल्यासारखं "आय वेर" आलं नाही, सगळीकडं वॉज वॉज. बाबांच्या लक्षात आलं नसेल, माझ्या आलं.

टर्म कधी संपते आणि ट्रेन किती वाजताची ते कळव. आम्ही दोघं स्टेशनवर येतो, बाहेर त्या लांब स्टीलच्या कारंज्यापाशी उभं राहतो. जाड जाकीट घालून ये, इथं आत्ताच गारठा लई आहे आणि तू पहिल्यापासनं नेश.

तुझी,
आई