रविवारी साफसफाई : धायटीला कोयता लावू नका

सभासदांना नमस्कार. येत्या रविवारी सकाळी ७ वाजता बागेतल्या विहिरीजवळ जमायचं आहे. उन्हं चढायच्या आत काम उरकू. कोयता, पहार, घमेलं, ज्याच्याकडे जे असेल ते आणा.

एक कळकळीची विनंती. फाल्गुन लागलाय, माळावर पळस पेटलाय आणि खालच्या बांधावर धायटीची झुडपं फुललीयेत. गेल्या वर्षी नुसत्या काटक्या समजून आपण ती सपाट केली, त्याचं मला अजून वाईट वाटतं. यंदा जवळ जाऊन बघा. फांदीला चिकटून बोटाच्या पेराहून लहान, लालभडक नळ्या, आणि त्यांत चोच खुपसणारा शिंजीर! आसव-अरिष्टं ही आयुर्वेदिक औषधं आंबवायला हीच फुलं घालतात. करवंदाच्या जाळीलाही हात नको, पांढरी फुलं आलीत.

काढायची ती घाणेरी. नुसती छाटली तर पुन्हा फुटते, म्हणून मुळासकट खणा.

पालापाचोळा अजिबात जाळायचा नाही. एका ठिणगीने अख्खा डोंगर वणव्यात जातो. सगळा आंब्याखालच्या खड्ड्यात टाकू, वर शेणकाला शिंपडू. पाचोळ्यात हात घालण्याआधी काठीने चाळवा, साप असू शकतो. मुरमाड कोपऱ्यात टिटवी ओरडत असेल तर तिथे जाऊच नका. तिची अंडी खड्यांत मिसळून जातात, पायाखाली आल्यावरच कळतं.

रंगासाठी पळसाची फुलं हवी असतील त्यांनी खाली पडलेलीच वेचा.

येणाऱ्यांनी शनिवारी संध्याकाळपर्यंत कळवा, न्याहारीला पोहे किती भिजवायचे ते ठरवता येईल.