खुले पत्र: दारू सोडणाऱ्यांची यादी मागणाऱ्या सरकारला

गुजरात राज्याचे माननीय नशाबंदी मंत्री यांस,
सादर नमस्कार.

गुजरातीतला अर्ज तुमच्या खात्यात पडून आहे, पोचपावतीवर शिक्काही आहे. म्हणून आता मराठीत लिहिते. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या बडोद्याचे, दोन्ही भाषांत विनवण्या करता येतात.

गेल्या गुरुवारी आमच्या भागातल्या एका शाळेच्या खोलीला कुलूप लागले. तिथे संध्याकाळी अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची, म्हणजे एएची, मीटिंग भरायची. आमचे हे तिथे जातात. विश्वस्तांना म्हणे वरून विचारणा झाली, बंदीच्या राज्यात दारुड्यांची सभा कोणाच्या परवानगीने भरवता? परवानगी मागायला दोघे गेले, तर एका कार्यालयात साहेबांनी मान वर न करता सांगितले, येणाऱ्या सगळ्यांची नावे, पत्ते आणि आधारच्या झेरॉक्स आणा.

मंत्रीमहोदय, एएमध्ये हजेरीपट नसतो. १९३५ साली अमेरिकेत एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघेही दारूने पार बुडालेले, एकमेकांशी बोलत बसले आणि त्यातून हे सुरू झाले. यायची अट एकच, दारू सोडायची इच्छा. फी नाही, बाहेरची देणगी घेत नाहीत. शेवटी पिशवी फिरते, ज्याला जमेल तो दहा-वीस रुपये टाकतो, त्यात चहा आणि खोलीचे भाडे भागते. दारूबंदी असावी की नसावी यावर संस्था मतही देत नाही, तेव्हा तुमच्या धोरणाने निर्धास्त असावे. आता यादी द्यायची ती कोणाला? पिणे हाच जिथे गुन्हा, त्या सरकारला? म्हणजे सहीनिशी कबुलीजबाबच द्यायचा की!

दारू मिळते कुठे, असे भोळेपणाने विचारू नका. फोन केला की पोरगा स्कूटरवर घरपोच देऊन जातो; आमच्याकडे दूधवाला इतका वेळेवर येत नाही. क्वार्टर फ्लशच्या टाकीत, प्लास्टिकच्या पिशवीला दोरा बांधून सोडलेली असायची. पाणी नीट का येत नाही म्हणून झाकण उचलले तेव्हा मला कळले. पगार पंधरवड्यात संपायचा. मुलगी दहावीला होती, ती शेजारच्या काकूंकडे अभ्यासाला जायची आणि ‘तिकडे पंखा चांगला आहे’ म्हणून सांगायची. सासूबाई देवासमोर बसून मलाच बोल लावायच्या. हे सगळे मंत्र्याला सांगायचे नसते, ठाऊक आहे. पण ऐकायला दुसरे आहेच कोण?

एकदा ह्यांनी आपल्याच मनाने एकदम सोडली. दुसऱ्या दिवशी हात इतके थरथरायला लागले की चहाची बशी दोन्ही हातांनीही धरवेना, आणि रात्री आकडी आली. रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक सोडली की असे होते, जीवही जाऊ शकतो, हे तुमच्या कुठल्या फलकावर लिहिलेले मी पाहिले नाही. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारले, पितात का? दिरांनी माझ्या आधी ‘छे छे’ म्हणून टाकले, पोलीस केस होईल या धास्तीने. शेवटी मी नर्सला पडद्याआड नेऊन खरे सांगितले. तुमच्या कायद्याने दारू थांबली नाही, डॉक्टरांपुढे खरे बोलणे तेवढे थांबले.

आणि कडकपणा म्हणावा तर सगळ्यांना सारखा तरी हवा ना! चाळिशी उलटलेल्याला तब्येतीच्या कारणावर परमिट मिळते, त्याला फॉर्म आहे, डॉक्टरांचे मंडळ आहे. गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटी या व्यापारी वसाहतीत २०२३च्या डिसेंबरात दारूला सवलत दिलीत, पाहुण्यांना अडचण नको म्हणून. प्यायला रीतसर वाट आहे, सोडायला मात्र शाळेची एक खोली नाही. १९६० पासून बंदी आहे. तरी २००९ साली अहमदाबादेत लठ्ठ्याने, म्हणजे विषारी गावठी दारूने, शंभरावर माणसे मेली, मग फाशीपर्यंतचा कायदा केलात, तरी २०२२ला बोटादकडे पुन्हा तेच. दर वेळी दोन-चार अधिकारी निलंबित होतात आणि स्कूटरवाला पोरगा दोन आठवडे सुट्टी घेतो.

केंद्राच्याच २०१९च्या पाहणीत आहे की देशात ५ कोटी ७० लाख लोकांना दारूच्या त्रासासाठी मदत हवी, आणि व्यसन जडलेल्या ३८ जणांत जेमतेम एकाला काही उपचार मिळतात. आकडा पटत नसेल तर खात्याने खुलासा करावा, त्या निमित्ताने एखादे उत्तर तरी येईल. आम्हा बडोदेकरांना कुठल्याही तक्रारीत सयाजीराव महाराजांना मध्ये ओढायची सवय आहे. आज त्यांना त्रास देत नाही. एका खोलीसाठी महाराज कशाला हवेत?

खोली परत द्या. मीटिंगला येणाऱ्याला नाव विचारले जाणार नाही, असे लेखी परिपत्रक काढा. सरकारी दवाखान्यांत मीटिंगचा पत्ता, वार आणि १४४४६ हा व्यसनमुक्ती हेल्पलाइनचा क्रमांक गुजराती, हिंदी, मराठीत लावा. घरच्यांसाठी अल-अनॉनची वेगळी मीटिंग असते, तिलाही एक कोपरा द्या. एवढ्याचा खर्च तुमच्या नशामुक्तीच्या एका रॅलीतल्या टोप्यांइतकाही नाही.

सध्या ती मंडळी कमाटीबागेत बाकावर बसतात. पावसाळा तोंडावर आहे, त्याआधी कळवा.

आपली,
दांडिया बाजारातली एक मतदार
(नाव का नाही, ते वर आलेच आहे.)