बदली फार्मासिस्ट: करारात ‘व्यावसायिक’, काउंटरवर नोकर

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

नियमित फार्मासिस्ट रजेवर गेला की औषध दुकानांच्या साखळ्या आणि खासगी रुग्णालयांतली मेडिकल स्टोअर्स बदली फार्मासिस्ट बोलावतात. त्याच्यापुढे येणाऱ्या करारनाम्यात बरेचदा ‘स्वतंत्र व्यावसायिक’ असे लिहिलेले असते. पीएफ नाही, रजा नाही. १० टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा प्राप्तिकर) कापला की हिशेब मिटला. पगाराच्या टीडीएस प्रमाणपत्राऐवजी व्यावसायिक शुल्काच्या टीडीएसचे प्रमाणपत्र हातात पडले म्हणजे आपण नोकर नाही, असे मग फार्मासिस्टही धरून चालतो. पण हे नाते टीडीएसच्या प्रकारावरून किंवा करारनाम्याच्या मथळ्यावरून ठरत नाही. ‘सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाउस’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७३ साली नगावर पैसे घेणाऱ्या शिंप्यांनाही दुकानाचे कर्मचारी ठरवले. मशीन दुकानाची होती आणि शिवण पसंत न पडल्यास ती परत करून घेण्याचा हक्क मालकाकडे होता.

फार्मासिस्टच्या बाबतीत मात्र एक गोष्ट वेगळी काढून पाहावी लागते. चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टने स्वतः किंवा त्याच्या वैयक्तिक देखरेखीखालीच द्यायचे, हे औषध नियमावली, १९४५ मधील नियम ६५ सांगतो. एच-१ औषधांची (काही अँटिबायोटिक्ससारख्या, जादा नियंत्रणाखालील औषधांची) वेगळ्या रजिस्टरात नोंद, ते रजिस्टर ३ वर्षे जपणे, न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवणे, ही बंधने कोणालाही चुकत नाहीत. ती पाळायला लावली म्हणून कोणी नोकर होत नाही. पाहायचे ते त्यापलीकडचे. ड्यूटी कोण लावतो? दर कोण ठरवतो? उशीर झाला तर अर्धा दिवस कापतात का? सप्लिमेंट विकण्याचे टार्गेट आहे का? दुसऱ्या दुकानात काम करायला मनाई आहे का? यातल्या बहुतेक गोष्टी मालकाच्या हातात असतील, तर ती नोकरीच.

‘स्वतःऐवजी दुसरा फार्मासिस्ट पाठवता येईल’ हे कलमही हमखास घातलेले असते. प्रत्यक्षात दुसऱ्याला काउंटरवर उभेसुद्धा करत नाहीत, मग त्या कलमाला अर्थ काय? याहून मोठी विसंगती परवान्यात सापडते. किरकोळ विक्रीच्या परवान्याच्या अटींनुसार, जबाबदार पात्र कर्मचारी बदलला की १ महिन्याच्या आत परवाना अधिकाऱ्याला कळवावे लागते. तिथे ज्याचे नाव ‘आमचा फार्मासिस्ट’ म्हणून द्यायचे, तोच पीएफच्या वेळी बाहेरचा कसा होतो?

उलट, जो चार दुकानांत आपल्या दराने जातो, नको तो दिवस नाकारतो आणि स्वतःचे बिल देतो, तो खरोखर स्वतंत्र आहे. त्याला ओढूनताणून कर्मचारी करण्यात हशील नाही. तीन माणसांच्या दुकानात तर पीएफचा प्रश्न सहसा येतच नाही, कारण त्यासाठी २० माणसे लागतात, ईएसआयसाठी (कर्मचारी राज्य विमा) १०. पण ही संख्या मोजताना तात्पुरते आणि एजन्सीमार्फत आलेलेही धरले जातात, हे साखळीवाले सोयीस्करपणे विसरतात. मागच्या काळातल्या पीएफची वसुली निघाली की फटका मोठा बसतो. पीएफ योजनेनुसार कर्मचाऱ्याचा वाटा त्या-त्या काळाच्या वेतनातूनच कापता येतो. तेव्हा कापला नसेल तर दोन्ही वाटे सहसा मालकाच्याच खिशातून जातात, वर व्याज. तेव्हा बोलावण्यापूर्वीच नोकर की स्वतंत्र, हे ठरवणे मालकाच्याही हिताचे.

फार्मासिस्टांनी ड्यूटी लावल्याचे व्हॉट्सॲप संदेश, हजेरीपटाचे फोटो आणि बँकेतल्या जमा नोंदी जपून ठेवाव्यात. वाद झाला तर याच कामी येतात. सही करण्यापूर्वी भरपाईचे कलम मात्र नीट वाचावे. ‘चुकीचे औषध दिले गेल्यास संपूर्ण भरपाई फार्मासिस्टची’ असे लिहिले असेल, तर ते खोडून घ्यावे. मालक ऐकत नसेल, तर व्यावसायिक दायित्व विमा (कामातल्या चुकीची भरपाई देणारा विमा) घेतल्याशिवाय काउंटरवर उभे राहू नये, आणि त्या पॉलिसीत बदली कामाचा समावेश आहे हे विमा कंपनीकडून लेखी घ्यावे.

– एक नोंदणीकृत फार्मासिस्ट