खुले पत्र: चकतीवर अंगठ्याचा ठसा आहे, मंत्रीमहोदय

मा. केंद्रीय विज्ञान व तंत्रज्ञान मंत्री यांस,
सादर नमस्कार.

गेल्या मंगळवारी आमच्या पुण्याच्या प्रयोगशाळेत एक खोका आला. परदेशी सहकाऱ्यांनी चाचणीसाठी पाठवलेली बोलोमीटरची, म्हणजे उष्णतेतून प्रकाश टिपणाऱ्या शोधकांची, चकती. विश्वाचा सर्वांत जुना प्रकाश, म्हणजे सीएमबी, अवकाशातून मोजायचा तर असे शोधक लागतात. ते निरपेक्ष शून्याच्या वर जेमतेम 0.1 अंशावर चालतात आणि धूळ किंवा दमट हवा त्यांना अजिबात सोसत नाही. पिशवीवर ठळक लिहिले होते: फक्त क्लीनरूममध्ये उघडा.

कस्टममध्ये खोका एकोणीस दिवस पडून राहिला. पिशवी कटरने फाडलेली, वर खाकी चिकटपट्टी. आर्द्रतेच्या कार्डावरचे निळे ठिपके गुलाबी. सिलिकॉनवर अंगठ्याचा स्वच्छ ठसा, आणि केसाहून बारीक तारांची अख्खी रांग आडवी. बारा वर्षे हेच काम करते आहे. मायक्रोस्कोपखाली ते पाहताना हात थरथरत होते. माझ्या विद्यार्थिनीचे वर्ष त्या चकतीवर अवलंबून होते. ती कोपऱ्यात जाऊन रडली. पलीकडच्यांनी सभ्यपणे कळवले की पुढचा नमुना दुसऱ्या देशात जाईल.

ही कामे एकट्या देशाची नसतातच. 2009 साली सीएमबी मोजायला उडालेल्या प्लँकचे यान युरोपचे, बोलोमीटर अमेरिकेत घडलेले. आपल्या अ‍ॅस्ट्रोसॅट उपग्रहावरच्या अतिनील दुर्बिणीचे शोधक कॅनडाने दिले. तो विश्वास आपण एका कटरने घालवतो.

आणि फक्त कस्टमच का? जुलै 2022 मध्ये संशोधन संस्थांच्या उपकरणांवरची 5 टक्के जीएसटीची सवलत काढून 18 टक्के लावला. अनुदान तेवढेच, त्यातून सरकारलाच कर भरायचा! संशोधनावर देश जीडीपीच्या 0.64 टक्के खर्च करतो, आणि त्यातलेही असे परत घेतो. सीएमबी मोजणाऱ्या भारतीय यानाचा, सीएमबी-भारतचा, प्रस्ताव 2018 मध्ये इस्रोपुढे गेला. जपानने 2019 मध्ये त्याच कामाचे आपले लाइटबर्ड यान निवडलेसुद्धा. आमचे तरुण तिकडे निघून जातात, आणि मी त्यांना कुठल्या तोंडाने थांबवू?

शोधकांचे खोके संस्थेच्या माणसासमोर, क्लीनरूममध्येच उघडावेत. सवलत परत द्यावी. प्रस्तावावर हो की नाही, लेखी सांगावे.

बुधवारी ती चकती परत पाठवायची आहे. फॉर्मवर नुकसानीचे कारण विचारले आहे. तिथे मी काय लिहू?

आपली,
एक उपकरण अभियंता, पुणे