दीड गुंठ्याचा हिशोब मांडून दिल्याबद्दल

ती. काकूंना,
सा. न. वि. वि.

तुमचं नाव मला माहीत आहे, पण ते इथे लिहिलं तर तुम्ही रागवाल. गावाचंही लिहीत नाही. ठाण्याहून कसारा लोकल पकडायची, उतरून शेअर रिक्षा करायची आणि कचेरीसमोर निळ्या ताडपत्रीखाली झेरॉक्सचं मशीन दिसलं की पोचलो, एवढं पुरे आहे.

पहिल्यांदा आलो तो फक्त झेरॉक्स काढायला. माझ्या हातात बाबांची प्लास्टिकची पिशवी होती. बाबा वागळे इस्टेटमध्ये कारखान्यात होते. हप्त्या-हप्त्यानं पैसे भरून त्यांनी मंजूर रेखांकनातला बिनशेती प्लॉट घेतला. दीड गुंठा. पुढे सगळं आयुष्य कळव्याच्या चाळीत काढलं आणि त्या प्लॉटवर एक आंब्याचं झाड तेवढं लावलं. ते गेले आणि दोन वर्षांनी मी ठरवलं, आता घर बांधायचंच.

एजंट मला तुमच्या आधी भेटला होता. "साहेब, दीड गुंठा ना? मग परवानगीच लागत नाही आता. नुसतं लिहून द्यायचं." त्या नुसतं लिहून देण्याचे त्यानं 35 हजार सांगितले. मला ते स्वस्त वाटलं, हे आज लिहायला लाज वाटते.

तुम्ही सातबारा मशीनवर ठेवलात, झाकण लावलंत आणि परत उघडलंत. "यावर कोण आहे?"
"बाबा."
"मग अर्ज बाबा करणार?"

मला क्षणभर राग आला, खरं सांगतो. मग तुम्ही स्टूल पुढे सरकवलंत. वीस वर्षं लोकांच्या फायली काढून काढून कुठला कागद कुठे अडतो ते कळतं, म्हणालात. त्रुटीपत्र मिळालेला माणूस आधी तुमच्याकडे येतो, आणि 53ची, म्हणजे बेकायदा बांधकामाची, नोटीस मिळालेलाही. "ती घेऊन येतात ते प्रती मोजतसुद्धा नाहीत. काढा म्हणतात, किती पण काढा."

मग तुम्ही कॅल्क्युलेटर काढलात. काकू, तो अर्धा तास मी आतापर्यंत निदान दहा जणांना सांगितला असेल.

मी म्हणालो, दीडशे मीटरपर्यंत परवानगी लागत नाही असं ऐकलंय. तुम्ही म्हणालात, अर्धं बरोबर आहे. डिसेंबर 2020 पासून राज्याच्या बहुतेक भागाला एकच बांधकाम नियमावली आली, यूडीसीपीआर. तिच्यात 150 चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटला सूचना द्यायची, लायसन्सवाल्या इंजिनिअरचा नकाशा जोडायचा, पैसे भरायचे, ती पोच म्हणजेच परवानगी. 150 ते 300 पर्यंत रीतसर परवानगी लागते, पण कागद पुरे असले तर 10 दिवसांत द्यायची असते. "आता सांगा, दीड गुंठा म्हणजे किती मीटर?"

मी म्हणालो, दीडशे. गावात सगळे असंच धरतात, गुंठा म्हणजे आर, आर म्हणजे शंभर मीटर. तुम्ही पेन्सिलनं लिहिलंत, 101.17 गुणिले दीड. 151.75. मग सातबाऱ्यावर बोट ठेवलंत. तिथे 1.52 होतं. मी ते इतकी वर्षं 'दीड आणि वर थोडं' असं वाचत होतो. तो एक आर आणि 52 चौरस मीटर निघाला. पावणेदोन-दोन मीटरनं मी रेषेच्या पलीकडे होतो. आमच्या चाळीतल्या मोरीएवढी जागा! एजंटाचं ऐकून पाया खणला असता तर घर उभं राहिलं असतं आणि कागदावर अनधिकृत ठरलं असतं. बँकेनं तर दारातच उभं केलं नसतं, तिला मंजूर नकाशा आधी लागतो.

त्या दिवशी तुम्ही एक रद्दी कागद उलटा करून त्याच्यावर लिहून दिलंत: आधी वारस नोंद, मग मोजणी, मग इंजिनिअर. क्रम बदलायचा नाही. कागद अजून माझ्याकडे आहे, मागच्या बाजूला कुणाच्या तरी दहावीच्या गुणपत्रिकेची फसलेली प्रत आहे.

वारस नोंदीवरून आपलं थोडं वाजलं. तुम्ही विचारलंत, घरात कोण कोण? आई आणि मी, म्हणालो. "बहीण?" म्हटलं, तिचं लग्न झालंय. "मी ते विचारलं नाही." मामा म्हणत होता, ताईकडून हक्कसोड करून घे, नंतर कटकट नको. तुम्ही त्यावर चकार शब्द काढला नाहीत. फक्त अर्जाचा नमुना भरताना तिघांची नावं लिहून ठेवलीत, तिचं माझ्या वर, कारण ती मोठी. ताई संगमनेरहून सहीला आली तेव्हा तिला वाटलं होतं हक्कसोडच असेल. पेनचं टोपण काढून बसली होती बिचारी. कागद वाचला आणि बराच वेळ सहीच करेना. आज घर तिघांच्या नावावर आहे.

तलाठ्याकडचा अर्ज, पंधरा दिवसांची नोटीस, फेरफार मंजूर होणं, यात पावसाळा गेला. मोजणीला त्याहून जास्त. शेजारच्यांना नोटिसा गेल्या, भूकरमापक आले, आणि कळलं की शेजाऱ्यांचं तारेचं कुंपण फूटभर आमच्यात आहे. ते भांडण व्हायचं ते झालं, त्यात काही विशेष नाही. मोजणीच्या नकाशाची 'क' प्रत हातात पडली तेव्हा मी तुम्हाला फोन केला होता. तुम्ही पलीकडून विचारलंत, "तारीख वाच. क्षेत्र वाच. सातबाऱ्याशी जुळतंय का ते वाच." मी स्टेशनच्या बाकावर बसून तुम्हाला तो नकाशा अक्षरशः वाचून दाखवला.

अर्ज ऑनलाइन गेला. परवानगी आली सोळाव्या दिवशी. मधे दिवाळी होती म्हणून तुम्ही कचेरीची बाजू घेतलीत, मी घेतली नसती.

आणि जोता, म्हणजे भिंतींच्या खालचा चौथरा. बांधकाम सुरू झाल्यावर मी निवांत झालो होतो. गवंडी म्हणाला, शेठ, भिंती चढवू या, माणसं रिकामी बसलीत. त्याच शनिवारी वाळूच्या पावत्यांच्या झेरॉक्स काढायला आलो तर तुम्ही सहज विचारलंत, जोता तपासून झाला? मला वाटलं होतं ते शेवटी एकदमच होतं. तुम्ही मशीन बंद केलंत. "आत्ता जा आणि काम थांबव. भिंती उभ्या राहिल्यावर सामासिक अंतर, हद्दीपासून सोडायची ती जागा, कुणाला मोजून दाखवणार?" सहा दिवस काम बंद राहिलं, गवंडी रुसला, पण इंजिनिअरनं टेप लावली तेव्हा मागच्या बाजूला अंतर चार बोटं कमी भरलं. कोपऱ्याचा एक भाग फोडून सरकवावा लागला. जोत्यावर ते दोन दिवसांचं काम होतं. स्लॅब पडल्यावर काय झालं असतं, हे मी गवंड्याला विचारलं, तर त्यानं तंबाखू मळायला घेतली.

सगळ्या मिळून तुमच्या दुकानात माझे 412 रुपये झाले. मी हिशोब ठेवलाय. पानामागे दोन रुपये, मोठ्या नकाशाचे वेगळे. एकदा पाकीट पुढे केलं तर तुम्ही ते माझ्याच फाईलमध्ये घालून वर रबर लावलंत. "झेरॉक्सचे झाले तेवढे दे, दीड गुंठे." तेव्हापासून तुम्ही मला याच नावानं हाक मारता. आईलासुद्धा आवडलंय ते.

गेल्या आठवड्यात भोगवटा, म्हणजे घरात राहायला जायचा दाखला, मिळाला. कचेरीच्या पायऱ्या उतरून तडक तुमच्याकडे आलो आणि म्हटलं, काकू, लॅमिनेशन करा, चांगलं जाडं. तुम्ही कागद हातात घेऊन वरपासून खालपर्यंत वाचलात, ताईच्या नावावर जरा थांबलात, आणि परत दिलात. लॅमिनेशनचे पन्नास रुपये मिळत होते तुम्हाला. म्हणालात, "मूळ कागदावर प्लास्टिक चढवायचं नाही, बँक शिक्का कुठे मारणार?" पाच प्रती काढल्यात. दहा रुपये. माझ्याकडे पाचशेची नोट आणि तुमच्याकडे सुट्टे नाहीत.

ते दहा रुपये राहिलेत. रविवारी वास्तुशांत आहे, शनिवारी आमंत्रण घेऊन येतो तेव्हा देतो. दुकान बंद ठेवून यायचं आहे, आंब्याच्या सावलीत खुर्ची राखून ठेवलीय. आंबा वाचवायला नकाशात जिना डावीकडे घेतला, हे तुम्हाला सांगायचं राहिलं होतं.

आपला,
दीड गुंठे