बँकसेवेची खरी किंमत पासबुकात दिसावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मार्चअखेरीस बचत खात्याचे पासबुक भरून आणले, तेव्हा एसएमएस शुल्क, डेबिट कार्डाचे वार्षिक शुल्क आणि त्यांवरील १८ टक्के वस्तू व सेवा कर अशा किरकोळ रकमा वर्षभर विखुरलेल्या दिसल्या. त्यांची बेरीज मलाच करावी लागली, आणि तीही बँकसेवेची पूर्ण किंमत नव्हे.

किमतीचा मोठा भाग व्याजात दडलेला असतो. संयुक्त राष्ट्रांच्या २००८ च्या राष्ट्रीय लेखा पद्धतीत, म्हणजे देशाच्या अर्थव्यवहारांचा हिशेब मांडण्याच्या पद्धतीत, ठेवीवर मिळणारे व्याज आणि तुलनेसाठी धरलेला एक संदर्भ व्याजदर यांतील फरक ही ठेवीदाराने नकळत मोजलेली किंमत मानतात. कर्जदाराकडून संदर्भदराच्या वर घेतलेले व्याजही तसेच. रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने अल्पमुदतीचे कर्ज देते तो दर, हाच संदर्भ धरू. २०२५ च्या आरंभी तो ६.५ टक्के होता; २.७ टक्के व्याज देणाऱ्या खात्यातील ५० हजारांच्या सरासरी शिलकीवर ही किंमत वर्षाला १,९०० रुपये होते. जूनमध्ये रेपो ५.५ टक्के झाला; खात्याचे व्याज २.५ टक्क्यांवर आले असेल, तर ती १,५०० भरते. म्हणजे कागदोपत्री सेवा एक पंचमांशाने स्वस्त झाली! प्रत्यक्षात खातेदाराचे व्याज १,३५० वरून १,२५० वर घसरले आणि मोफत मर्यादेनंतरच्या एटीएम व्यवहाराचे कमाल शुल्क १ मे २०२५ पासून २१ चे २३ रुपये झाले. सेवा तीच राहून केवळ रेपो दराच्या निर्णयाने तिची किंमत उतरलेली दाखवणारे हे माप महागाईच्या हिशेबात जसेच्या तसे घेणे मला गैर वाटते.

ज्याच्या खात्यात जेमतेम तीन हजार असतात, त्या हळद पेठेतील हमालाला ही छुपी किंमत वर्षाला नव्वदच रुपये पडते; त्याला बोचते ते थेट कापले जाणारे शुल्क. सरासरीत हा फरक बुजून जातो, म्हणून लहान शिलकीच्या खात्यांचे मापन वेगळे हवे.

१९१६ साली स्थापन झालेली सांगली बँक २००७ मध्ये आयसीआयसीआय बँकेत विलीन झाली; साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक त्याआधीच, २००६ मध्ये, आयडीबीआयमध्ये गेली होती. ओळखीची बँक राहिली नाही की ग्राहकाला आकड्यांवरूनच तुलना करावी लागते, आणि नेमका तो आकडा त्याच्या हाती नसतो. युरोपीय संघात २०१४ च्या निर्देशानुसार खातेदाराला वर्षातून किमान एकदा शुल्कांचे विवरण विनामूल्य द्यावे लागते. आपल्याकडेही प्रत्येक बँकेने, सहकारी बँकांसह, ३१ मार्चच्या नोंदीखाली वर्षभरातील एकूण शुल्क, त्यावरील कर आणि दिलेले व्याज या तीन रकमा छापाव्यात, असा आदेश रिझर्व्ह बँकेने काढावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त लेखापाल, सांगली