लघवीत जंतू दिसले की लगेच अँटिबायोटिक?

संपादक साहेब, नमस्कार,

वृद्धांच्या केअर होममध्ये अँटिबायोटिक किती सहज चालू होतं यावर कोणीतरी लिहा हो. आजी जरा असंबद्ध बोलल्या, लघवीला वास आला की टेस्ट, रिपोर्टमध्ये जंतू, झालं, डॉक्टर फोनवरूनच गोळ्या सांगून मोकळे. अहो पण अशा ठिकाणी राहणाऱ्या 25 ते 50 टक्के बायकांच्या लघवीत काही त्रास नसतानाही जंतू सापडतात, आणि कॅथेटर (लघवीची नळी) कायमचा असेल तर जवळपास सगळ्यांच्याच! ताप नाही, जळजळ नाही, मग औषध कशाला? अमेरिकेतल्या संसर्गतज्ज्ञांची 2019 ची गाईडलाईन पण तेच सांगते, नुसता गोंधळ उडत असेल तर आधी दुसरी कारणं शोधा, पाणी कमी पडतंय का, नवीन गोळी चालू झालीय का, आणि पेशंटवर लक्ष ठेवा. उगाच दिलेल्या कोर्सने सी. डिफिसिल नावाच्या जंतूचे जुलाब लागतात, म्हाताऱ्या माणसाला ते जिवावर बेतू शकतं. नातेवाईक पण कमी नाहीत, 'काहीतरी द्याच' म्हणून मागे लागतात. निदान चिठ्ठीवर कारण आणि बंद करायची तारीख तरी लिहा, आणि दोन-तीन दिवसांनी कल्चर रिपोर्ट (लघवीतले जंतू वाढवून केलेली तपासणी) बघून गोळी चालू ठेवायची का ते परत ठरवा.

– एक वाचक